धुऱ्याच्या भांडणानंतरचं घर : एक प्रकरण अभ्यास

बाप तुरुंगात गेलेल्या घरी सोबतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी हे प्रकरण रचलं आहे. त्यातलं कुटुंब, गाव आणि भांडण काल्पनिक आहे, म्हणून कोणालाच नाव दिलेलं नाही. कायदे, योजना, कार्यालयं आणि तुरुंग मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत, कारण स्वयंसेवकाची खरी दमछाक तिथेच होते.

घटना आणि मागे राहिलेले

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, तेलंगणाकडे तोंड असलेलं गाव. साडेतीन एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि अधूनमधून तुरीचं तास. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून चुलत भावाचं वावर. आज्याने एकट्याने कसलेली जमीन वाटणीत फाटली आणि मधला धुरा दरवर्षी थोडाथोडा सरकत राहिला. पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून किती डोकी फुटतात हे विदर्भातल्या कोणत्याही पोलीस पाटलाला विचारावं. जून २०२३ मध्ये चुलत भावाच्या ट्रॅक्टरने धुरा कोरला, शिव्या झाल्या, आणि या घरच्या बापाने बंडीची, म्हणजे बैलगाडीची, उभारी उपसून त्याच्या डोक्यात घातली. जखमी माणूस चार दिवसांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात वारला. कलम ३०२ लागलं आणि बापाची रवानगी यवतमाळच्या जिल्हा कारागृहात झाली.

घरी राहिले चौघे. बायको, चौतीस-पस्तीस वर्षांची. त्याची म्हातारी आई. थोरली मुलगी नववीत, धाकटा मुलगा तिसरीत. मेलेल्या माणसाचं घर यांच्या घराला लागून, मधली भिंत सामाईक. त्याचा मुलगा थोरलीच्याच शाळेत दहावीला. हापसी दोन्ही घरांना एकच.

सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. तोवर खासगी वकिलापायी बैलजोडी विकली गेली होती आणि एक एकर गहाण पडलं होतं. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, हे त्या घराला कळलं ते जोडी गेल्यावर. कळल्यावरही म्हातारी म्हणाली, ‘फुकटचा वकील फुकटातच लढते.’ या समजुतीशी स्वयंसेवकाने वाद घालू नये असं माझं मत आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारात कुठे आहे ते दाखवावं, लोक अभिरक्षकांशी, म्हणजे प्राधिकरणाने नेमलेल्या बचावाच्या वकिलांशी, एकदा समोरासमोर बोलणं घालून द्यावं आणि बाजूला व्हावं. वकील कोणता ठेवायचा हा निर्णय घराचा.

कोणाला पाठवायचं

दिवाळीनंतर, ऐन वेचणीत, या घरासाठी स्वयंसेवक शोधायचा होता. तिघांची नावं पुढे आली. यवतमाळात समाजकार्याचं शिक्षण घेणारा उत्साही मुलगा. त्याच गावातले, सामुदायिक प्रार्थना चालवणारे एक सज्जन गृहस्थ. आणि पाच किलोमीटरवरच्या गावात राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई.

तुरुंगात असलेल्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवक जोडून देण्याच्या कामात अमेरिकेतलं एक उदाहरण नेहमी सांगितलं जातं. फिलाडेल्फियात २००० साली अमाची नावाचा उपक्रम सुरू झाला. चर्चमधून माणसं निवडायची, एका मुलाला एक प्रौढ जोडून द्यायचा, त्याने आठवड्यातून निदान एक तास आणि निदान एक वर्ष त्या मुलाला द्यायचं, अशी त्याची बांधणी. त्याच सुमारास तिथल्या संशोधकांनी मार्गदर्शकांच्या जोड्या किती टिकतात याचा अभ्यास केला. २००२ साली छापून आलेला निष्कर्ष असा होता की वर्षभर टिकलेल्या सोबतीने मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या सोबतीने काही मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. ज्या पोराचा बाप एकदा अचानक उठून गेला आहे, त्याच्या आयुष्यातून दुसरं माणूस तसंच उठून जाणं काय करत असेल हे समजायला आकडेवारीही लागत नाही. म्हणून वर्षाची अट आम्ही जशीच्या तशी घेतो. विद्यार्थी कितीही चांगला असला तरी परीक्षा संपली की त्याचा पत्ता बदलतो. तो बाद झाला.

पण एक मूल, एक प्रौढ, ही जोडी आमच्याकडे चालत नाही. शहरात एखादा माणूस पोराला बागेत नेतो, शेजारच्याला पत्ताही नसतो. गावात तुम्ही कोणाच्या ओसरीवर बसून चहा घेतला हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं, आणि खून झालेल्या गावात आरोपीच्या घरी चहा घेणं ही बाजू घेणं असतं. त्यामुळे गावातले सज्जन गृहस्थही बाद. त्यांनी रोज यायचं ठरवलं असतं तर गावाने त्यांना एका बाजूला बसवलं असतं, आणि त्यांनी तो त्रास नको म्हणून येणं कमी केलं असतं तर पोरांना तेही दिसलं असतं. उरल्या बाई. शेजारच्या गावच्या, दोन्ही घरांतल्या मुलांपैकी कोणालाही न शिकवलेल्या, भावकीशी नातं नसलेल्या. वय असं की कोणी आडून काही बोलणार नाही. या प्रकरणात मी जे सांगू पाहतो आहे ते बाईंच्या निवडीतच आलं आहे: खेड्यात मुलाला सोबत द्यायची तर आधी घराला द्यावी लागते, आणि घराला देताना गावाचं भान सुटून चालत नाही.

नियम मोजके होते. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, दिवसाढवळ्या. मुलांशी बोलणं ओसरीवर किंवा अंगणात, दाराआड नाही. रोख पैसे द्यायचे नाहीत, उसनेही नाहीत. तुरुंगातून घरी आणि घरून तुरुंगात खटल्याबद्दलचे निरोप न्यायचे नाहीत. घटनेबद्दल कोणाला काही विचारायचं नाही, कोणी सांगितलं तर वहीत लिहायचं नाही. आणि दुसऱ्या घराशी समेटाचं बोलणं अजिबात काढायचं नाही. शेवटचा नियम नव्या स्वयंसेवकांना नेहमी कडू लागतो, कारण मिटवामिटवी हे त्यांना पुण्याचं काम वाटतं. खटला उभा असताना आरोपीच्या घरचं माणूस म्हणून ओळखला जाणारा कोणी फिर्यादीच्या दारात गेला, तर ते साक्षीदारावर दबाव आणणं ठरू शकतं. स्वयंसेवक अडकतो आणि आरोपीचा पुढचा जामीनअर्जही अडचणीत येतो.

‘तुमी कोणाकडून आल्या?’

पहिल्या भेटीत म्हातारीने विचारलेला प्रश्न हाच. संस्था, सरकार, वकील, ‘त्यायच्या’कडची, की बातमी काढायला आलेली? बाई म्हणाल्या, ‘मी शिक्षिका होती, आता रिकामी आहे. महिन्यातून दोनदा येत जाईन. पोरायची शाळा, तुमचे कागद, जे अडलं ते पाहू. खटल्यातलं मले काही समजत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. ‘सुटतीन का?’ या प्रश्नाला उत्तर न देण्याची सोय त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवली.

बाईंचा हात साहजिकच आधी पोरांच्या वह्यांकडे गेला. थोरलीचं गणित कच्चं होतं. पण ती वही उघडायलाच तयार नव्हती, आणि आई दिवसभर वेचणीला, संध्याकाळी चुलीपुढे. पहिल्या काही भेटी म्हातारीसोबत तुरीच्या शेंगा सोलण्यात गेल्या. हा वेळ वाया गेला असं अहवाल वाचणाऱ्याला वाटतं. मला तो सगळ्यात कामाचा वाटतो: तुरुंगात गेलेला माणूस त्या म्हातारीचा मुलगा होता आणि मेलेला तिने मांडीवर खेळवलेला पुतण्या. तिला रडायला दोन्हीकडून बंदी होती.

अडलेले कागद

घरातला पैसा कुठे अडतो हे इथे तपशिलाने सांगतो, कारण स्वयंसेवकाला ‘भावनिक आधार’ शिकवला जातो आणि हे कोणी शिकवत नाही.

सातबारा बापाच्या नावावर. बँक खातं बापाचं. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० त्याच खात्यात येणार. हप्ता थांबला तेव्हा समजलं की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली आहे. त्यासाठी ओटीपी हवा किंवा त्याचा अंगठा, चेहरा. माणूस आत. ओटीपी जाणार त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल पोलिसांनी जप्त केलेला, मुद्देमालात पडलेला.

कापसाचं त्याहून वाईट. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये क्विंटल होता. पण हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापूस द्यायचा तर सातबारा ज्याचा त्याचं आधार लागतं, आणि पैसे आधार जोडलेल्या त्याच्याच खात्यात पडतात. बायकोने कापूस दारावर आलेल्या खेडा खरेदीवाल्याला दिला. त्याला या घराची अडचण ठाऊक होती, त्याने भाव पाडून मागितला आणि काट्यातही मारलं. पुढच्या पेरणीला पीक कर्जाचं नूतनीकरण सहीविना अडलं, म्हणून बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आलं.

यावर उपाय आहे, पण तो सरळ नाही. कैदी आपल्या बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून देऊ शकतो. वकील मसुदा करतो, कारागृहात सही होते आणि तुरुंग अधिकारी ती साक्षांकित करतात. बाईंनी लोक अभिरक्षक कार्यालयातून ते करून घेतलं. बँकेच्या शाखेने ते पाहून आधी मान हलवली, मग वरून विचारून सांगतो म्हटलं, आणि बऱ्याच चकरांनंतर कर्जाच्या नूतनीकरणापुरतं मान्य केलं. ई-केवायसीचं घोडं तिथेच अडलेलं राहिलं. सगळं सुटत नाही, आणि सुटेल असं घरच्यांना सांगूही नये.

रेशनचं मात्र अडलं नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाईच असते, आणि अंगठा कोणाही सदस्याचा चालतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीणचे १,५०० रुपये बायकोच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात नवऱ्याला भेटायला, जाणं तिला एकटीला परवडायचं. सोबत कोणी पुरुष नातेवाईक आला की खर्च वाढायचा. हळूहळू ती एकटीच जायला लागली.

मुलांसाठीची खरी योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईबापांपैकी कोणी तुरुंगात असलेलं मूलही तिच्यात बसतं. एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, गृहचौकशी होते, आदेश बालकल्याण समिती देते. लागणाऱ्या कागदांत शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावे आईसोबतचं बँक खातं, आणि बाप कारागृहात असल्याचा अधीक्षकांचा दाखला. हा शेवटचा कागद पाहून आई मागे सरली. ‘पोरायच्या कागदावर जेल लागते, मंग जलमभर तेच रायते.’ भीती खोटी नव्हती. बाईंनी तिला सांगितलं की हा दाखला समितीच्या फायलीत राहतो, शाळेच्या दाखल्यावर किंवा जातीच्या प्रमाणपत्रावर त्याचा शिक्का बसत नाही. तरीही तिला ठरवायला वेळ लागला, आणि तो दिला गेला. पैसे नंतर आले ते महिन्याच्या महिन्याला नाहीत, तुंबून एकदम आले. हे आधीच सांगून ठेवलेलं असलं की हप्त्याच्या भरवशावर कोणी उधारी करत नाही.

आईचा एक मुद्दा वहीत राहून जाऊ नये. नवरा दर मुलाखतीत कॅन्टीनसाठी पैसे मागायचा, साबण, बिस्किटं, तंबाखूऐवजी काहीबाही. म्हातारी म्हणायची, पाठव. बायको मनीऑर्डर करत राहिली आणि एके दिवशी बाईंपुढे फुटली: ‘तो तिथं दोन टाइम बसून जेवते मॅडम. मी इथं त्याच्या भावकीच्या नजरेखालून पाणी भरते. माह्यावर कोणतं कलम लागलं?’ तुरुंगात गेलेल्या नवऱ्यावर रागावण्याची परवानगी बायकोला घरात नसते, माहेरीही नसते. बाईंनी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यापासून किती पाठवायचं ते सासूसमोर बसून ठरवायला मात्र त्यांनी मदत केली. रक्कम निम्म्यावर आली.

धाकट्याला सांगितलेली गोष्ट

धाकट्याला सांगितलं होतं की बाबा पुण्याला कंपनीत कामाला गेले. गावातली पोरं ते ऐकून हसायची. शाळेत एकाने तोंडावर सांगितलं, ‘तुया बाप जेलात हाय,’ आणि याने त्याच्या पाठीत पाटी घातली. ‘बापावर गेला,’ असं शाळेत कोणीतरी बोललं. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. पोलिसांची गाडी रस्त्यावरून गेली तरी तो आईचा पदर धरायचा.

खोट्याचं समर्थन म्हातारी करत होती: लेकरू लहान आहे, मोठा झाला की समजेल. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या गावात गुन्हा झाला तिथे मुलापासून तो लपतच नाही. खोटं सांगून आपण फक्त एवढं करतो की मुलाला जे कळलं आहे ते घरी विचारायची सोय उरत नाही. पण हे स्वयंसेवकाने मुलाला परस्पर सांगणं ही त्याहून मोठी आगळीक. सांगायचं आईने. बाईंनी दोन भेटी आईबरोबर शब्द ठरवण्यात घालवल्या. वाक्यं लहान हवीत, खरी हवीत, आणि त्यात निकालाचं वचन नको. ठरलं ते असं: बाबांनी भांडणात काकाला मारलं. काका वारले. म्हणून पोलिसांनी बाबांना यवतमाळच्या जेलात ठेवलं आहे. पुढं काय ते कोर्ट ठरवणार. ते तिथे जेवतात, झोपतात. आपण त्यांना भेटू शकतो.

आईने रविवारी सकाळी अंगणात सांगितलं. बाई ओसरीवर होत्या, मधे बोलल्या नाहीत. पोराने आधी विचारलं, ‘तिथं भाजीत तिखट टाकते का?’ बापाला तिखट लागायचं. मग विचारलं, ‘तुले पण नेतीन का?’ आणि बऱ्याच वेळाने, ‘मी त्या दिवशी वावरात डबा नेला नाई म्हणून झालं का?’ डबा न्यायची पाळी त्याची होती; तो खेळत राहिला आणि थोरली गेली. मुलं असे हिशेब मनात घालून ठेवतात, आणि ते बाहेर यायला खरं बोललेलं घर लागतं. आई म्हणाली, नाही बाळा, तुझ्यामुळं काही झालं नाही. हे वाक्य तिला पुढे अनेकदा म्हणावं लागलं.

मुलाखतीची तयारीही तशीच करून घ्यावी लागते. आधार कार्ड, नावनोंदणी, रांग, झडती, आणि मग काच. काचेपलीकडे बाप, हातात फोन, आजूबाजूला दहा जण एकाच वेळी ओरडून बोलत असतात. वेळ थोडा. काही हातात देता येत नाही. हे सगळं आधी सांगितलेलं असूनही धाकटा पहिल्या वेळी एक शब्द बोलला नाही. बाप रडत राहिला. परतताना स्टँडवर त्याने समोसा मागितला, दोन खाल्ले. आईला वाटलं भेट फुकट गेली. पुढच्या काही आठवड्यांत अंथरूण कोरडं राहायला लागलं. त्याचं श्रेय मी एका भेटीला देणार नाही, पण नोंद करतो. ई-मुलाखतीची व्हिडिओवरची सोयही आहे. त्या गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायचं, आणि टाकीजवळ उभं राहून जेलातल्या बापाशी बोलायला कोणतंच पोर तयार होणार नाही.

थोरली

नववीच्या त्या हिवाळ्यात ती शाळेत जवळजवळ गेलीच नाही. आईबरोबर वेचणीला जायची. सगळ्यांनी कारण धरलं पैसा, आणि पैसा कारण होताच. पण वेचणी संपली, शिमगा आला, तरी ती जाईना. बाईंनी शाळेबद्दल विचारणं सोडून दिलं होतं. एकदा दोघी दळण घेऊन येत असताना तीच म्हणाली, ‘येश्टीत तो रायते.’ तो म्हणजे मेलेल्या माणसाचा मुलगा, नात्याने तिचा चुलत भाऊ. तो काही बोलायचा नाही, बघायचाही नाही. ती चढली की तिच्या आजूबाजूची बाकं रिकामी व्हायची, एवढंच.

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावं, त्या मुलाला समजवावं, असे मोह इथे होतात. बाप गेलेल्या पोराला काय समजवणार? बाईंनी थोरलीलाच विचारलं, कसं गेलीस तर जमेल. तालुका मानव विकास कार्यक्रमात होता आणि आठवी ते बारावीच्या मुलींसाठीची निळी बस दोन किलोमीटरवरच्या फाट्यावरून जायची. त्या बसमध्ये मुलगे नसतात. वस्तीवरच्या दोन मुली रोज फाट्यापर्यंत पायी जायच्या. त्यांच्यातल्या एकीच्या आईशी थोरलीच्या आईने बोलणं केलं. दहावीचं वर्ष तिने त्या बसने काढलं.

त्या दिवशी वावरात डबा घेऊन गेलेली तीच होती, म्हणजे तिने पाहिलं होतं. पोलिसांनी तिचा जबाब घेतलेला. एकदा ती बाईंना म्हणाली, ‘मॅडम, मी होती तिथं.’ अशा वेळी गप्प करणं चूक आणि खोदणं त्याहून चूक. बाईंनी ऐकून घेतलं, पुढचा प्रश्न विचारला नाही, काही लिहिलं नाही, आणि कोर्टात काय सांगावं यावर चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या की बोलावलं तर जे पाहिलं तेच सांगायचं, आणि झोप लागत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. तिने फोन केला की नाही हे बाईंनी कधी विचारलं नाही. सरकारी पक्षाने पुढे तिला साक्षीला बोलावलं नाही.

शिक्षा लागल्यावर

२०२५ मध्ये निकाल लागला. खून नाही, सदोष मनुष्यवध, कलम ३०४ चा दुसरा भाग, सात वर्षं. घरात त्या दिवशी विचित्र हलकेपणा होता; जन्मठेपेची धास्ती घेतलेल्या घराला सात हा आकडा लहान वाटला. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात, वर्तणुकीची माफी मिळते, त्यामुळे सुटकेची तारीख पुढे-मागे होते. म्हणून धाकट्याला ‘तू अमुक वर्गात असशील तेव्हा येतील’ असं सांगू नये, एवढं बाईंनी आईला बजावलं. म्हातारीने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

कैदी अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात गेला. यवतमाळ एका दिवसात होत होतं. अमरावती तिथून पुढे आणखी नव्वदेक किलोमीटर. मुलाखती विरळ झाल्या. राज्यातल्या कारागृहांत अधूनमधून ‘गळाभेट’ होते, मुलं काचेविना बापाला भेटतात, मांडीवर बसतात, बरोबर खातात. ती साधारण सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी असते. धाकटा गेला. थोरलीला सोळा पूर्ण झाले होते, ती फाटकाबाहेर आईजवळ थांबली. बाप गेला तेव्हा ती चौदाची होती, आणि खटल्याच्या वर्षांत तिचं वय मोजायचं कोणाला सुचलं नव्हतं.

आता प्रश्न संचित रजेचा, म्हणजे शिक्षेच्या काळात काही दिवस बाहेर जाऊ देणाऱ्या रजेचा (फर्लोचा) आहे. अर्ज केला की पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जामीनदार लागतो, रजेत कुठे राहणार ते लिहावं लागतं. भिंतीपलीकडे फिर्यादीचं घर असताना गावात राहायला पोलीस अनुकूल अहवाल देतील अशी आशा कमी, आणि खरं सांगायचं तर तो देऊही नये. आईने मामाच्या, म्हणजे तिच्या भावाच्या गावचा पत्ता सुचवला आहे. भाऊ जामीनदार व्हायला तयार आहे, भावजय नाही. बाईंचं वर्ष कधीच संपलं. त्यांनी दरवेळी मुदत वाढवून घेतली, आता मात्र गुडघे बोलतात. त्यांच्या जागी येणारी दुसरी बाई तीन भेटी त्यांच्याबरोबर येऊन गेली आहे. धाकट्याने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, ‘तुमी किती वर्सं येसान?’

दुसरं घर

या प्रकरणावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. भिंतीपलीकडेही एका आईची दोन मुलं बापाविना होती, आणि त्यांच्या ओसरीवर दीड वर्ष कोणी आलं नव्हतं. आपलं काम तुरुंगातल्यांच्या कुटुंबांचं आहे, असं काहींचं म्हणणं. ते कागदावर बरोबर होतं. गावाने मात्र बाईंकडे पाहून एकच गोष्ट वाचली: मारणाऱ्याच्या घरी माणूस येतं, मेलेल्याच्या घरी नाही. काही जणांचा थोरलीच्या घरावरचा राग त्यातूनही वाढला होता.

गुन्ह्यात बळी पडलेल्याच्या वारसांना राज्याच्या नुकसानभरपाई योजनेतून मदत मागता येते, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. म्हणजे दोन्ही घरांचं दार एकाच कार्यालयात उघडत होतं. प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाने जाऊन त्या आईला हे सांगितलं. निकालानंतर दुसऱ्या तालुक्यातला एक निवृत्त पोस्टमन त्या घरी जायला लागला. त्याने आणि बाईंनी एकमेकांशी या दोन घरांबद्दल काहीही बोलायचं नाही, असा एक नियम त्यासाठी नव्याने लिहावा लागला.